‘अरब’ लिहू की खोडू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्रजीतून मराठीत काही मजकूर आणताय आणि तुमच्या संपादकांनी तीन वाक्यांतला ‘अरब’ खोडलाय. पहिलं वाक्य स्थानिक इतिहासातलं: ‘मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी १८१८ साली इंग्रजांना जवळजवळ महिनाभर दाद दिली नाही.’ दुसरं बातमीतलं: ‘दुबईतल्या अरब मालकाने पगार थकवल्याची तक्रार कामगारांनी केली.’ तिसरंही बातमीतलं: ‘इराणसह सर्व अरब देशांनी निषेध नोंदवला.’ संपादकांचं म्हणणं, हा शब्द हल्ली अपमानास्पद मानतात, ‘आखाती नागरिक’ लिहा, नाहीतर सरळ ‘मुस्लिम’ लिहा. आणि तुम्ही विचारताय की अरब म्हणजे मुळात कोण, शब्द आला कुठून (तुम्ही ‘वाळवंटात राहणारा’ असा अर्थ ऐकलाय) आणि ती शिवी आहे का.

शिवी नाही. अरब लोक स्वतःला अरबच म्हणवतात आणि अभिमानाने म्हणवतात. २२ देशांच्या संघटनेचं नाव अरब लीग आहे, इजिप्तचं अधिकृत नाव ‘इजिप्तचं अरब प्रजासत्ताक’ आहे. तरी संपादकांची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. तुमच्या तीन वाक्यांपैकी एकात ‘अरब’ चोख बसतो, एकात तो अंदाजपंचे ठोकून दिलाय आणि एकात चक्क चूक आहे. कुठलं कोणतं ते शेवटी सांगतो, कारण नुसता निकाल सांगितला तर पुढच्या लेखात तुम्ही पुन्हा इथेच अडकाल.

मी गेली बावीस वर्षं अरबी, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांमध्ये अनुवाद आणि दुभाष्याचं काम करतो. पहिली सात वर्षं मस्कतमध्ये, त्यानंतर मुंबई-पुण्यात. जास्त करून करारनामे, निकाहनामे आणि उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांचे अहवाल. भाषाशास्त्राचा प्राध्यापक नाही, त्यामुळे पुढचं सगळं कामाच्या टेबलावरून दिसलेलं आहे असं समजा.

मस्कतला रुवी भागात आमचं ऑफिस होतं. आम्ही भारतीय पोरं जेवणाच्या मेसमध्ये बोलायचो, ‘आज अरबी आला नाही’, ‘अरबीने सही दिली का?’ अरबी म्हणजे ऑफिसातला कुठलाही पांढरा दिशदाशा आणि नक्षीची कुम्मा टोपी घातलेला माणूस. मला अरबी भाषा शिकून आल्याचा तोरा होता, तरी मीही तसंच बोलायचो. सहा महिन्यांनी कळलं की मालक बलुच आहेत, घरी बलुची बोलतात. हिशेब पाहणारे गृहस्थ लवाती समाजाचे, त्यांच्या म्हाताऱ्यांची बोली सिंधी-कच्छीच्या जवळची. कामगारांचे कागद बघणाऱ्या बाई झांझिबारमध्ये जन्मलेल्या आणि फोनवर भावंडांशी स्वाहिलीत भांडायच्या. ड्रायव्हर दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या डोंगरातला, तो भावाशी जिब्बाली बोलायचा. ती अरबीची बोली नव्हे, सेमिटिक कुळातली वेगळीच भाषा आहे. चौघांकडे ओमानचा पासपोर्ट.

आता यांतला अरब कोण? मी एकदा चहाच्या वेळी विचारलंच. मालक म्हणाले, ‘मी ओमानी. बलुच.’ स्वाहिली बोलणाऱ्या बाई मात्र ठाम म्हणाल्या, ‘अर्थात अरब, माझ्या आजोबांची टोळी इथलीच.’ ड्रायव्हरला प्रश्नच कळला नाही, त्याच्या मते धोफारी माणूस अरब नाही तर काय आहे! लवाती गृहस्थ हसले आणि चहाचा दुसरा कप मागवला. एकाच ऑफिसात भाषा एक सांगत होती, कुळी दुसरं आणि पासपोर्ट तिसरं. मुंबईत आपण तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी अशा सगळ्यांना सरसकट ‘मद्रासी’ म्हणायचो, तशातलाच आमचा तो ‘अरबी’ होता. आणि फिट्टंफाट म्हणा, त्यांच्या लेखी आम्हीही सगळे ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचे, होतो, मग कोल्हापूरचे असा की कोळीकोडचे.

तिथला अजून एक घोटाळा सांगून टाकतो, कारण तो अनुवादात येतो. आखातातले मल्याळी आणि त्यांच्या संगतीने आपलीही माणसं मालकाला ‘अरबाब’ म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की हा ‘अरब’चाच मानाचा प्रकार. तसं नाही. अरबाब हे ‘रब्ब’ म्हणजे धनी, स्वामी या शब्दाचं अनेकवचन. धातूच वेगळा.

तर मुद्दा असा, की आजच्या वापरात ‘अरब’ हे मुख्यतः भाषेवरून आणि स्वतःच्या ओळखीवरून ठरतं. ज्याची भाषा अरबी, जो त्या इतिहासाला आपला म्हणतो आणि स्वतःला अरब म्हणवतो तो अरब, अशी साधारण व्याख्या विसाव्या शतकात रुजली. साती अल-हुस्री या शिक्षणतज्ज्ञाने ती भाषा-इतिहासाची बाजू हिरिरीने मांडली. अरब राष्ट्रवादाचा मोठा पुरस्कर्ता आणि सीरिया-इराकमधल्या बाथ पक्षाचा एक संस्थापक मिशेल अफलाक जन्माने ख्रिस्ती होता. २२ मार्च १९४५ रोजी कैरोमध्ये अरब लीग स्थापन झाली, तिच्यात पुढे सोमालिया, जिबूती आणि कोमोरोसही आले, जिथे बहुतेकांची घरची भाषा अरबी नाही. उलट माल्टाची भाषा अरबीच्याच पोटातून निघालेली, पण माल्टाच्या माणसाला अरब म्हणून बघा, तो लगेच दुरुस्त करील.

धर्माचं तर नावच काढू नका. जगातल्या मुसलमानांत अरब साधारण पाचांत एक. सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात, मग पाकिस्तान, भारत, बांगलादेश यांचा क्रम लागतो आणि यांतला एकही अरब देश नाही. आणि अरबांत ख्रिस्ती आहेत, द्रूझ पंथाचे लोक आहेत. बगदाद, साना आणि मोरोक्कोच्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या अरबी बोलणारे ज्यू होते. त्यांतले काही स्वतःला ‘अरब ज्यू’ म्हणवतात, काहींना तो शब्द मुळीच चालत नाही. लेबनॉनच्या मारोनी ख्रिस्त्यांत ‘आम्ही फिनिशियनांचे वारस’ म्हणणारे आहेत, इजिप्तच्या कॉप्ट ख्रिस्त्यांत ‘आम्ही फारोंचे’ म्हणणारे आहेत, आणि त्याच समाजांत स्वतःला बिनदिक्कत अरब म्हणणारेही आहेत. तेव्हा ‘अरब’च्या जागी ‘मुस्लिम’ घालणं म्हणजे ‘मराठी’च्या जागी ‘हिंदू’ घालण्यासारखं आहे. वाक्य वाचायला ठीक वाटेल, पण अर्थ बदललेला असेल.

माझी स्वतःची ठेच इथलीच. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात इराकहून एक वडील मुलाला घेऊन आले होते, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी. मी दुभाष्या. गप्पा सुरू करायच्या म्हणून मी अरबीत म्हणालो, ‘तुम्हा अरबांचं आदरातिथ्य मी मस्कतला सात वर्षं अनुभवलंय.’ गृहस्थांचा चेहरा बंद झाला. म्हणाले, ‘मी कुर्द आहे, सुलेमानियाचा. अरबी मला सैन्यात शिकावी लागली.’ सद्दामच्या काळात कुर्दांवर काय गुदरलं ते मला माहीत होतं. १९८८ चं हलब्जा माहीत होतं, तिथे विषारी वायूने हजारो माणसं मेली. माहीत असूनही तोंडातून शब्द गेला, कारण नोंदणीच्या फॉर्मवर कोणीतरी ‘अरब पेशंट’ लिहून ठेवलं होतं आणि मी ते न विचारता उचललं. तो दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलून काढला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ तो कुणालाच टोचत नाही आणि उत्तरातून सगळं कळतं.

कुर्दांसारखीच गोष्ट उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिघांची, ज्यांना आपण बर्बर म्हणत आलो. अल्जीरिया आणि मोरोक्को हे अरब देश म्हणून ओळखले जातात, पण तिथे लाखो लोकांची भाषा अमाझिघ आहे. मोरोक्कोने २०११ च्या संविधानात आणि अल्जीरियाने २०१६ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला, तोही मोठ्या झगड्यानंतर. सीरियाच्या नावात १९६१ साली ‘अरब’ शब्द आला आणि पुढच्याच वर्षी हसाका प्रांतातल्या खास जनगणनेत लाखाहून जास्त कुर्दांचं नागरिकत्व गेलं. अशा ठिकाणी ‘अरब’ हे नुसतं वर्णन राहत नाही. तिथे त्या शब्दाने कोण आत आणि कोण बाहेर ते ठरतं. हा शब्द नाजूक आहे तो इथे, अरबांना अरब म्हणण्यात नव्हे.

इथवर आजचं झालं. आता उगम, कारण तुमचा पहिला मजकूर इतिहासाचा आहे आणि जुन्या मजकुरात हा शब्द वेगळंच काही सांगत असतो.

सर्वांत जुना लेखी उल्लेख अश्शुरी, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्याचा आहे. इ.स.पू. ८५३ मध्ये सीरियातल्या करकरच्या लढाईत राजा शल्मनेसर तिसरा याच्याविरुद्ध जी फौज उभी राहिली, तिच्यात ‘अरबांचा गिंदिबू’ एक हजार उंट घेऊन आला होता, असं त्या राजाच्या शिलालेखात आहे. म्हणजे हा शब्द इतिहासात उंटावर बसूनच येतो आणि तोही परक्याच्या तोंडून. नंतरच्या अश्शुरी लेखांत झबिबे आणि सम्सी या अरबांच्या राण्याही येतात, राजे नव्हे. (हे मी कार्यशाळेत सांगतो तेव्हा मुली मागे वळून मुलांकडे बघतात.) दक्षिण अरबस्तानात, म्हणजे आजच्या येमेनमध्ये, सबाई आणि हिम्यरी लोक शेती करणारे, धरणं बांधणारे, नगरवासी होते. त्यांच्या शिलालेखांतही ‘अरब’ म्हणजे आपण नव्हे, आपल्या पदरी असलेले किंवा सीमेवरचे भटके. गंमत बघा, आज आपण ज्यांना अस्सल अरब समजतो त्या येमेनचे पूर्वज हा शब्द दुसऱ्यांसाठी वापरत होते.

‘आम्ही अरब’ असा सूर पहिल्यांदा ठळक लागतो तो सीरियातल्या नमारा इथल्या शिलालेखात, इ.स. ३२८ चा. त्यात इम्रुल-कैस या राजाला ‘सर्व अरबांचा राजा’ म्हटलं आहे. लिपी नबाती, भाषा अरबी. हा शिलालेख आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.

मग कुराण. इथे बारकाईने बघा, कारण उताऱ्यांचे अनुवाद इथेच घसरतात. कुराणात ‘अरबी’ हे विशेषण ११ वेळा येतं आणि ते भाषेबद्दल असतं: स्पष्ट, कळणारी भाषा. ‘आराब’ हा शब्द १० वेळा येतो आणि त्याचा अर्थ भटके बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळ्यांचे लोक (बेदुइन). ‘अरब’ हे लोकवाचक नाम कुराणात नाहीच. नवव्या सूरेत (अध्यायात) आराबांबद्दल एक कडक आयत (वचन) आहे (९:९७), आणि लगेच दोन आयतींनंतर त्यांच्यातल्याच श्रद्धावानांचं कौतुक आहे. समाजमाध्यमांवर पहिली आयत ‘अरब लोक सर्वांत कपटी’ अशी फिरवली जाते. दोन्हीकडून फिरवली जाते, अरबांवर राग असलेल्यांकडूनही आणि इस्लामवर राग असलेल्यांकडूनही. अनुवाद ‘बदू’ केला की निम्मी हवा निघून जाते.

हीच अडचण इब्न खल्दूनची. चौदाव्या शतकातला हा थोर इतिहासकार, मृत्यू १४०६. अरब जिथे जातात तिथे नासधूस होते, अशा अर्थाचं त्याचं विधान फार उद्धृत होतं. तो स्वतः अरब कुळी सांगणारा. त्याच्या लेखनात ‘अरब’ बहुतेक ठिकाणी भटक्या टोळ्यांसाठी येतो आणि तो शहर आणि वाळवंट यांतला फरक मांडत असतो. इजिप्तच्या खेड्यांत तर अगदी अलीकडेपर्यंत शेतकरी ‘अरब’ म्हणाला की त्याच्या मनात बदू असायचा, तो स्वतः नव्हे. म्हणून माझा नियम सोपा आहे. जुना मजकूर हातात आला की आधी साल बघायचं आणि लिहिणारा कुठे बसून लिहितोय ते बघायचं, मगच शब्द निवडायचा.

व्युत्पत्ती विचारलीत म्हणून: एकमत नाही. हिब्रूत ‘अरावा’ म्हणजे वैराण सपाट प्रदेश, त्याच्याशी नातं जोडतात. कोणी सूर्यास्त आणि पश्चिमेशी जोडतात, मेसोपोटेमियाच्या पश्चिमेचे लोक म्हणून. अरबी वैयाकरण ‘स्पष्ट बोलणे’ या अर्थाशी जोडतात, पण हे मागाहून लावलेलं वाटतं, कारण शब्द आधीचा. ‘वाळवंटात राहणारा’ हे तुम्ही ऐकलेलं शक्यतांपैकी एक आहे, पक्कं उत्तर म्हणून छापू नका.

स्पष्ट बोलणाऱ्याची जोडी ‘अजम’. म्हणजे ज्याचं बोलणं कळत नाही तो, पुढे सर्वच बिगर-अरब आणि विशेषतः इराणी. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ असाच, आणि आपला ‘म्लेच्छ’ही मुळात अस्पष्ट बोलणाराच. सगळ्यांना वाटतं की शेजारी बडबडतो आणि आपण बोलतो.

जाता जाता, ‘अरब’ची सुरुवात ज्या अक्षराने होते ते ‘ऐन’ मराठीत नाही, म्हणून आपण ते ‘अ’ करून टाकतो. अर्ज आणि अक्कल यांचंही तेच, तिन्ही ऐनवाले. त्याच्या शेजारचं अक्षर ‘गैन’, त्यापासून ‘गरीब’. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्याकडे येता येता तो कफल्लक झाला. परक्याचं नशीब.

महाराष्ट्राचा धागा जुना आहे आणि तुमच्या पहिल्या वाक्यासाठी तो लागेल. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या लेखांत अरबांना अरब म्हटलेलंच नाही. त्यांना ‘ताजिक’ म्हटलंय. तय्यी नावाच्या अरब टोळीवरून फारसीत जो शब्द झाला, तो संस्कृतात असा उतरला. नवसारीच्या चालुक्य ताम्रपटात (इ.स. ७३८-३९) पुलकेशी अवनिजनाश्रयाने ताजिकांचं सैन्य हरवल्याचं आहे. आणि पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या ताम्रपटात (शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६) राष्ट्रकूटांचा संजाण भागाचा कारभारी आहे मधुमती, ताजिक कुळातला. मधुमती म्हणजे मुहम्मद! आणि हा ताम्रपट एका मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, दिलेल्या दानाचा आहे. ज्योतिषातलं ‘ताजिक’ वर्षफळ हेही याच शब्दाचं. साधारण त्याच काळात, इ.स. ९१५-१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा प्रवासी चौलला येऊन गेला. तो चौलला सैमूर म्हणतो आणि तिथल्या मोठ्या मुसलमान वस्तीचं वर्णन करतो.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मराठी कागदांत ‘आरब’, ‘अरब’ येतो तो शिपायाचा पेशा म्हणून. हद्रमौत (आज येमेनचाच पूर्वेकडचा भाग) आणि येमेनमधून आलेले हे भाडोत्री सैनिक बडोद्यात, नागपुरात, पेशव्यांकडे आणि निजामाकडे होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) नागपूर शहर त्यांनी डिसेंबर अखेरपर्यंत सोडलं नव्हतं. मालेगावचा नारोशंकरांचा किल्ला त्यांनी मे-जून १८१८ मध्ये लढवला. यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना, म्हणजे बाप अरब आणि आई इथली अशांना, ‘मुवल्लद’ म्हणत आणि तेही फौजेत अरबच मोजले जात. मराठवाड्यात आज ‘चाऊस’ आडनाव भेटतं ते याच लोकांचं. गंमत अशी की ‘चाऊस’ हा शब्द अरबी नाहीच, तुर्की आहे, फौजेतल्या एका हुद्द्याचा. माझा एक चाऊस मित्र अस्सल परभणीच्या मराठीत म्हणतो, ‘आमच्या नावात तुर्क, रक्तात अरब आणि ताटात ज्वारीची भाकर.’ त्याला अरब म्हणायचं का? आजोबांबद्दल बोलताना तो स्वतः म्हणतो. त्याच्याबद्दल बातमीत ‘अरब’ छापलं तर मात्र त्याला परदेशी ठरवल्यासारखं होईल. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातल्या अरबांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता: इथले की तिथले?

एवढ्यावर थोडं थांबून गोळा करतो. भाषा आणि स्व-ओळख हा आजचा अर्थ, भटके बदू हा जुना अर्थ, शिपाई हा आपल्याकडच्या एका काळातला अर्थ. धर्म यांतल्या कशातच नाही.

आता शिवीचा भाग. शब्द चांगला असतो आणि बोलणारा त्याला शिवी करतो. हिब्रूत ‘अवोदा अरावित’, शब्दशः अरब काम, म्हणजे रद्दड काम. फ्रान्समध्ये कोपऱ्यावरच्या उशिरापर्यंत उघड्या वाण्याला ‘कोपऱ्यावरचा अरब’ म्हणायची सवय, मग तो कुठल्याही देशाचा असो. तिथल्या तरुणांनी ‘अराब’ हा शब्द उलटापालटा करून ‘बर’सारख्या उच्चाराचा नवा शब्द काढला, कारण मूळ शब्द तोंडावर फेकून मारला जात होता. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या एका सभेत एक बाई ओबामांबद्दल म्हणाल्या, ‘ते अरब आहेत.’ अध्यक्षपदासाठी ओबामांविरुद्ध उभे असलेल्या मॅकेन यांनी माइक घेतला आणि म्हणाले, नाही बाई, ते सभ्य कुटुंबवत्सल नागरिक आहेत. प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतली म्हणून त्यांचं कौतुक झालं. पण त्या उत्तरात अरब असणं हे सभ्य असण्याच्या विरुद्ध ठरलं, हे अरब-अमेरिकनांना लगेच खटकलं. मॅकेन यांचा तसा हेतू नसावा. पण हेतू नसताना झालेला अपमानच अनुवादकाला पकडता आला पाहिजे.

समजायला अवघड वाटत असेल तर बाजू बदलून बघा. अरब जगात एक वाक्प्रचार आहे: ‘मी तुला हिंदी दिसतो का?’ म्हणजे मी तुला मूर्ख वाटलो का. ‘हिंदी’ ही शिवी नाही, आपली साधी ओळख आहे. मस्कतच्या बाजारात हे वाक्य मी दोन दुकानदारांच्या भांडणात पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला त्यांच्यापैकी कुणीच काही म्हणत नव्हतं. तरी लागलं.

मराठीतही आपले चिमटे आहेत. ‘अरब’ म्हटलं की सोनं, उंट आणि चार बायका, हे चित्र बातम्यांच्या मथळ्यांतून सुटत नाही. पावसाळ्यात मुंबईत पाऊस पाहायला येणारा कुवेती कारकूनही आपल्याकडे ‘अरब शेख’ होतो. शेख म्हणजे वडीलधारा, टोळीप्रमुख किंवा विद्वान, श्रीमंत नव्हे. आणि इथल्या मुसलमानाला ‘अरबस्तानात जा’ सुनावणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं की ज्याला तो सुनावतोय त्याला अरबस्तानात उतरल्यावर पहिलं नाव मिळेल ‘हिंदी’.

व्याकरणाचं थोडक्यात. माणसाला ‘अरब’, भाषेला ‘अरबी’. घोडा, समुद्र आणि लिपी यांना विशेषण म्हणून ‘अरबी’. द्वीपकल्पाला ‘अरबस्तान’ किंवा ‘अरबी द्वीपकल्प’. ‘एक अरबी आला’ हे आखातातल्या मेसमध्ये चालतं, छापील मराठीत नको. हिंदीतून अनुवाद करत असाल तर ‘सात अरब लोग’ म्हणजे सात अब्ज माणसं, सात अरब नव्हेत. हा शब्द अर्बुदावरून आलाय. हसू नका, मी हे छापलेलं पाहिलंय.

पर्यायांबद्दल. ‘आखाती’ म्हणजे आखाताच्या काठचे देश. सीरियन किंवा मोरोक्कन माणूस आखाती नाही. इराण मात्र आखाताच्या काठी आहे आणि अरब नाही. त्यात आखाताचं नाव फारसी की अरबी यावर दोन्ही किनारे हट्टाला पेटलेले, म्हणून मराठीतलं नुसतं ‘आखात’ ही मोठी सोय आहे. ‘मध्यपूर्व’ हे युरोपातून मोजलेलं अंतर, मुंबईहून ती पश्चिम आहे. मी ‘पश्चिम आशिया’ लिहितो, फक्त इजिप्तपासून पुढे पश्चिमेला गेलो की तोही अपुरा पडतो आणि ‘उत्तर आफ्रिका’ जोडावं लागतं.

तर तुमची वाक्यं. तिसऱ्यात चूक आहे. इराणची मुख्य भाषा फारसी, ती आपल्या मराठीच्या दूरच्या नात्यातली, आणि इराणी माणसाला अरब म्हणणं त्याला हमखास खुपतं. इराणच्या खुझेस्तानात अरब आहेत, पण म्हणून देश अरब होत नाही. ‘इराण आणि अरब देशांनी’ लिहा. आणि ‘सर्व’ काढा किंवा २२ ची यादी तपासा, बहुतेक वेळा त्यांतल्या चार-सहांनीच निवेदन काढलेलं असतं. मग त्यांची नावंच द्या.

दुसऱ्यात अंदाज आहे. अमिरातींत तिथले नागरिक दहांत जेमतेम एक. मालक अमिराती असेल, लेबनीज असेल, इजिप्शियन असेल, नाहीतर ठाण्याचा असेल. मूळ बातमीत राष्ट्रीयत्व असेल तर तेवढंच लिहा. नसेल तर ‘कंपनीच्या मालकाने’ पुरे. पगार थकवला यात अरबपणाचा काय संबंध, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि दहांतल्या नऊ वेळा शब्द गळून पडतो. दहाव्या वेळी, म्हणजे अरब लीगची बैठक, अरबी कविता, इस्रायलमधल्या अरब नागरिकांचे हक्क असा विषय असेल, तेव्हा तोच शब्द हवा असतो. शेवटच्या उदाहरणातही विचारून घ्या, कारण त्यांच्यापैकी अनेकजण ‘इस्रायलचे पॅलेस्टिनी नागरिक’ म्हणवून घेणं पसंत करतात.

पहिल्या वाक्याला हात लावू नका. तिथे अरब हे त्या माणसांनी स्वतःला दिलेलं, त्यांच्या धन्यांनी वापरलेलं आणि शत्रूने नोंदवलेलं नाव आहे. फार तर पहिल्या उल्लेखात ‘हद्रमौत-येमेनकडून आलेले आणि त्यांची इथे जन्मलेली मुलं’ एवढं घाला, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढे दुबईचा मॉल येणार नाही. संपादक तरीही अडून बसले तर त्यांचीच दुरुस्ती करून ‘मालेगावच्या किल्ल्यातल्या आखाती नागरिकांनी इंग्रजांना महिनाभर दाद दिली नाही’ असं वाक्य लिहा आणि त्यांना एकदा मोठ्याने वाचायला सांगा.